शत्रु कोण, हें कोणीं ठरवावें?

वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडांतील विभीषणाच्या आगमनाचा प्रसंग आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. समुद्रतीरीं रामाची छावणी पडली आहे, लंकेवर चाल करून जाण्याची सिद्धता चालली आहे, आणि अशा ऐन वेळीं रावणाचा सख्खा भाऊ चार सोबत्यांसह आकाशांत येऊन उभा राहतो व आश्रय मागतो. सुग्रीवाला तो तत्काळ शत्रूचा हेर वाटतो. त्यास धरावें व मारावें, हाच त्याचा सल्ला. सुग्रीवाचें चुकलें असें कोण म्हणेल? सैन्याच्या रक्षणाचा भार ज्याच्या शिरावर, त्यानें संशय घेतलाच पाहिजे. परंतु राम एकट्या सुग्रीवाच्या संशयावर निकाल देत नाहीं. तो इतरांचें मत विचारतो. कोणी म्हणतो पारख करावी, कोणी म्हणतो हेर पाठवून शोध घ्यावा, मैंद म्हणतो त्यालाच गोडीनें प्रश्न विचारावे. आणि याच्या बोलण्यांत व मुद्रेंत कपट दिसत नाहीं, असें हनुमंत कारणांसह सांगतो. मग निर्णय होतो. पुढें शुक व सारण हे रावणाचे खरे हेर वानरांचें रूप घेऊन छावणींत शिरले, तेव्हां त्यांना ओळखून पकडणारा हाच विभीषण होता, हेंहि विसरतां कामा नये.

वर्गांत हा भाग शिकवितांना शरणागताच्या रक्षणाचें माहात्म्य सांगून आम्ही पुढें जात असूं. आतां मात्र त्यांतला दुसराच प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटूं लागला आहे. युद्धाच्या धामधुमींत जो हातीं लागला, आणि जो शत्रूपैकीं असावा असा केवळ संशय आहे, त्या मनुष्याचा अधिकार काय? हा विषय एकदां आमच्या ओसरीवर निघाला, तेव्हां एका तरुण आप्तानें चटकन् विचारलें, “शत्रूला कसले आले हक्क?” त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर सुचलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरा दिलेलें उत्तर होय.

युद्धबंदी आणि संशयित

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गणवेषांत लढणारा सैनिक पकडला गेला, तर त्याला लढाई संपेपर्यंत अडकवून ठेवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे. त्यासाठीं त्याचा कांहीं अपराध सिद्ध करावा लागत नाहीं. ही कैद म्हणजे शिक्षा नव्हे. त्यानें पुन्हां शस्त्र उचलूं नये, एवढाच तिचा हेतु. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानें अशा युद्धबंद्याचें रक्षण केलें आहे. आपलें नांव, हुद्दा, जन्मतारीख व सैनिकी क्रमांक यांपलीकडे कांहीं सांगण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं. त्याचा छळ करतां येत नाहीं. आणि लढाई थांबली कीं त्याला विनाविलंब मायदेशीं पाठवावें लागतें. उलट जो साध्या वेषांत लोकांत मिसळून घातपात करतो, त्याला हा मान नाहीं. त्याच्यावर खटला भरून त्याला शिक्षा देतां येते.

येथवर वाद नाहीं. वाद आहे तो तिसऱ्या मनुष्याविषयीं. तो सैनिकहि नसेल आणि घातपातीहि नसेल. तो एखादा शेतकरी असेल, मुसाफर असेल, नोकरीनिमित्त परदेशीं राहिलेला गृहस्थ असेल, किंवा कोणी वैरापोटीं अथवा बक्षिसाच्या लोभानें त्याचें नांव सांगितलें असेल. त्याच्या कपाळावर कांहीं लिहिलेलें नसतें. म्हणून त्याच जिनिव्हा कराराच्या पांचव्या कलमांत अशी तरतूद आहे कीं, युद्धांत भाग घेऊन हातीं आलेला मनुष्य युद्धबंदी ठरतो कीं नाहीं याविषयीं शंका असेल, तर अधिकारी न्यायमंडळ निर्णय देईपर्यंत त्याला युद्धबंद्याचें संरक्षण द्यावें. शंका असली कीं चौकशी हवी, हें तत्त्व येथें मान्य झालें आहे. आमच्या आप्ताच्या प्रश्नांतील चूक येथेंच आहे. ज्या हक्काविषयीं आपण बोलत आहों तो शत्रूचा हक्क नव्हेच. “मी शत्रु नाहीं” असें म्हणणाऱ्याचें म्हणणें ऐकून घेतलें जाण्याचा तो हक्क आहे.

या हक्काचें जुनें साधन म्हणजे इंग्रजी कायद्यांतील हेबिअस कॉर्पसचा अर्ज. बंद्याचा देह आमच्यापुढें आणा आणि त्याला कोणत्या आधारावर कोंडलें आहे तें सांगा, अशी न्यायाधीशानें तुरुंगाधिकाऱ्यास केलेली ती आज्ञा. अमेरिकेच्या राज्यघटनेनें बंड किंवा परचक्र यांखेरीज हा अर्ज स्थगित करण्याची मनाई केली आहे.

घोटा मोडला आहे कीं मोडल्यासारखा वाटतो?

युद्धाच्या काळीं कायदा मुका होतो, असें एक रोमन वचन आहे. तें खरें कीं खोटें याची परीक्षा दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडमध्यें झाली. १९४० च्या मे महिन्यांत रॉबर्ट लिव्हर्सिज नांवाच्या गृहस्थास गृहमंत्री सर जॉन अँडर्सन यांच्या हुकमानें स्थानबद्ध करण्यांत आलें. (हे अँडर्सन पूर्वीं बंगालचे गव्हर्नर होते.) ज्याच्याविषयीं मंत्र्यापाशीं सयुक्तिक कारण असेल त्यास अडकवावें, असे नियमाचे शब्द होते. कारण कोणतें, हें लिव्हर्सिज यांनीं विचारलें. १९४१ च्या नोव्हेंबरांत हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पांचांपैकीं चार न्यायाधीशांनीं निकाल दिला कीं, कारण आहे असें मंत्र्यास प्रामाणिकपणें वाटलें म्हणजे पुरे. पांचवे लॉर्ड अ‍ॅटकिन एकटे विरुद्ध उभे राहिले. त्यांचा दृष्टांत साधा होता. एखाद्याचा घोटा मोडला आहे असें म्हणणें आणि आपला घोटा मोडला आहे असें त्याला वाटतें असें म्हणणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. बालकांसाठीं लिहिणाऱ्या लुई कॅरोल यांच्या पुस्तकांतील हम्प्टी डम्प्टी शब्दाला आपल्या मर्जीप्रमाणें अर्थ देतो, त्याची आठवण त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांस करून दिली. शस्त्रांच्या खणखणाटांतहि इंग्लंडचा कायदा मुका नसतो, असा त्यांच्या मताचा गाभा होता. त्या वेळीं त्यांच्यावर रोष झाला. परंतु १९७९ मध्यें त्याच सभागृहानें बहुमताचा तो निर्णय चुकीचा होता अशी कबुली दिली.

हाच प्रश्न हिंदुस्थानांत मुंबईच्या एका बंद्यामुळें उभा राहिला. १९४३ च्या एप्रिलांत केशव तळपदे यांच्या अर्जावर फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनीं निकाल दिला. मूळ कायद्यानें ज्यांच्याविषयीं सयुक्तिक संशय आहे अशांनाच अडकविण्याचा अधिकार दिला होता. सरकारनें केलेल्या २६ व्या नियमांत मात्र सरकारची खात्री झाली म्हणजे पुरे, असें लिहिलें होतें. म्हणून तो नियम अवैध ठरला. सरकारनें थोड्याच दिवसांत वटहुकूम काढून ती फट बुजविली हें खरें. तथापि परक्या राज्यांतील परक्या न्यायाधीशानें, तेंहि ऐन युद्धांत, सरकारास शब्दाचा अर्थ शिकविला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

अमेरिकेंतहि दोन्ही प्रकारचे दाखले होते. यादवी युद्धांत लष्करी मंडळानें फांशीची शिक्षा दिलेल्या मिलिगन नांवाच्या नागरिकास तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८६६ मध्यें मुक्त केलें. दिवाणी व फौजदारी न्यायालयें चालूं असतां नागरिकावर लष्करी खटला नाहीं, असा तो निर्णय. १९४२ मध्यें पाणबुड्यांतून उतरलेल्या आठ जर्मन घातपात्यांच्या बाबतींत मात्र लष्करी मंडळ वैध ठरलें आणि त्यांतील सहांस मृत्युदंड झाला. परंतु त्या आठांचें म्हणणें ऐकण्यासाठीं ऐन उन्हाळी सुटींत सर्वोच्च न्यायालय मुद्दाम बसलें होतें. आणि त्याच वर्षीं जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांस, त्यांत बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक, कोणाचीहि चौकशी न करतां छावण्यांत नेण्यांत आलें. त्याविरुद्ध फ्रेड कोरेमात्सु यांनीं मागितलेली दाद १९४४ मध्यें फेटाळली गेली. १९८८ मध्यें अमेरिकेनें कायदा करून त्या लोकांची क्षमा मागितली व हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर दिले.

ग्वांतानामो

११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथें सुमारें तीन हजार निरपराध माणसें मारलीं गेलीं. त्या संतापांतून सुरू झालेल्या युद्धांत शत्रूला गणवेष नव्हता, राज्य नव्हतें, आणि तह करून युद्ध संपविण्याजोगा राजाहि नव्हता. त्यामुळें युद्ध संपेपर्यंत कैद म्हणजे आयुष्य संपेपर्यंत कैद, असा अर्थ होऊं लागला. ११ जानेवारी २००२ रोजीं पहिले वीस बंदी क्यूबा बेटावरील ग्वांतानामोच्या अमेरिकन आरमारी तळावर उतरविण्यांत आले. एकंदर सुमारें ७८० माणसें तेथें ठेवण्यांत आलीं.

हीच जागा कां निवडली, हें समजण्यासारखें आहे. १९०३ च्या करारानें हा तळ अमेरिकेकडे भाडेपट्ट्यानें आहे. ताबा सर्वस्वी अमेरिकेचा, परंतु अंतिम स्वामित्व क्यूबाचें. १९५० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें जर्मनींत ठेवलेल्या कांहीं जर्मन कैद्यांचे अर्ज ऐकण्याचें नाकारलें होतें. तेव्हां परक्या भूमीवरील परकी माणसें न्यायालयाच्या हातीं पोंचणार नाहींत, असा सरकारचा हिशेब. नरसिंहानें ज्याप्रमाणें घरांतहि नाहीं आणि बाहेरहि नाहीं असा उंबरठा शोधला, तसाच हा शोध. फरक इतकाच कीं तेथें उंबऱ्यावर न्याय झाला, येथें न्याय टाळण्यासाठीं उंबरा शोधला गेला. या बंद्यांस युद्धबंदी मानणार नाहीं असें सरकारनें २००२ च्या फेब्रुवारींत जाहीर केलें; आणि शंका नाहींच, म्हणून पांचव्या कलमाचें न्यायमंडळहि नको, असें ठरलें.

पहिला आघात २८ जून २००४ रोजीं झाला. यासर हमदी हा लुइझियानांत जन्मलेला, म्हणून अमेरिकेचा नागरिक. वाढला सौदी अरबस्तानांत. पकडला गेला अफगाणिस्तानांत. सुमारें दोन वर्षें त्याला वकिलाची गांठ पडूं दिली नाहीं. त्याच्या पित्यानें मुलाच्या वतीनें अर्ज केला. मुलगा मदतकार्यासाठीं गेला होता, असें पित्याचें म्हणणें; तो तालिबानबरोबर शस्त्र घेऊन होता, असें सरकारचें म्हणणें; आणि पुरावा म्हणून एका अधिकाऱ्याचें नऊ परिच्छेदांचें प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयानें हमदीला सोडा असें म्हटलें नाहीं. शत्रुसैनिकास अडकविण्याचा अधिकार त्यानें मान्य केला. परंतु नागरिकास आपल्यावरील आरोपाचा आधार कळला पाहिजे आणि निःपक्षपाती मंडळापुढें तो खोडून काढण्याची संधि मिळाली पाहिजे, असें ठरविलें. युद्ध चालूं आहे म्हणून राष्ट्राध्यक्षाच्या हातीं कोरा धनादेश दिलेला नाहीं, या आशयाचे न्यायमूर्ति सँड्रा ओकॉनर यांचे शब्द तेव्हांपासून प्रसिद्ध आहेत. त्याच दिवशीं दुसऱ्या निकालानें ग्वांतानामोंतील परदेशीयांसहि अर्जाचा मार्ग मोकळा झाला. त्या बंद्यांच्या बाजूनें न्यायालयास निवेदन सादर करणाऱ्यांत फ्रेड कोरेमात्सुहि होते.

नांव सांगा, मग उत्तर देतों

यानंतर सरकारनें लष्करी अधिकाऱ्यांचीं मंडळें नेमून प्रत्येक बंद्याची तपासणी सुरू केली. एकंदर ५५८ जणांची तपासणी झाली व ३८ जण शत्रुसैनिक नव्हेत असें ठरलें. बंद्याला वकील मिळत नसे आणि गुप्त पुरावा दाखविला जात नसे. मुस्तफा ऐत इदिर नांवाच्या बंद्याच्या तपासणीची हकीकत न्यायालयाच्या कागदांत नमूद आहे. अल् कायदाच्या एका माणसाशीं तुझा संबंध होता, असा त्याच्यावर आरोप. त्यानें विचारलें, त्या माणसाचें नांव काय? मंडळाच्या अध्यक्षांनीं सांगितलें कीं, आपणांस ठाऊक नाहीं. तो म्हणाला, नांव सांगाल तर तो माझ्या ओळखीचा होता कीं नाहीं हें मी सांगूं शकेन. या युक्तिवादांत काय उणें आहे, हें आमच्या तर्कशास्त्राच्या कोणत्याहि पोथींत सांपडणार नाहीं.

या इदिरचाच सोबती लखदर बूमेदियेन. जन्म अल्जीरियाचा, बॉस्नियांत सारायेव्हो शहरीं रेड क्रेसेंट या मदतसंस्थेंत अनाथ मुलांचें काम करी, घरीं पत्नी व दोन लहान मुली. अमेरिकन वकिलात उडविण्याचा कट केल्याच्या संशयावरून २००१ च्या ऑक्टोबरांत त्याला पांच अल्जीरियन सोबत्यांसह पकडण्यांत आलें. बॉस्नियाच्या पोलिसांनीं तीन महिने शोध केला. पुरावा सांपडला नाहीं. तेथील सर्वोच्च न्यायालयानें सुटकेचा हुकूम दिला. आणि तुरुंगाच्या दारांतूनच त्यांना अमेरिकनांच्या स्वाधीन करण्यांत आलें. २० जानेवारी २००२ रोजीं ते ग्वांतानामोंत पोंचले. वाचकांनीं ध्यानांत घ्यावें, हा मनुष्य रणांगणावर सांपडलेला नव्हता. रणांगणाच्या हजारों मैल दूर आपल्या घरीं होता, आणि एका न्यायालयानें त्याला आधींच मुक्त केलें होतें.

त्याचा अर्ज सुमारें चार वर्षें या न्यायालयांतून त्या न्यायालयांत फिरला. दरम्यान त्यानें अन्नत्याग केला, आणि नाकांत नळी घालून त्याला अन्न देण्यांत येऊं लागलें. शेवटीं १२ जून २००८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निर्णय दिला कीं, ग्वांतानामोंतील बंद्यासहि हेबिअस कॉर्पसचा हक्क राज्यघटनेनेंच दिला आहे, आणि कायदेमंडळानें केलेला उलट कायदा रद्द आहे. मग प्रकरण खालीं रिचर्ड लिऑन या न्यायाधीशांकडे आलें. याच लिऑन यांनीं २००५ मध्यें या सहा जणांना असा हक्कच नाहीं म्हणून अर्ज फेटाळला होता. आतां त्यांनीं कागद उघडून पाहिले. वकिलातीच्या कटाचा आरोप तोंवर सरकारनें स्वतःच सोडून दिला होता. हे लोक अफगाणिस्तानांत लढावयास जाणार होते, एवढेंच म्हणणें उरलें होतें, आणि त्याला आधार एका निनांवी खबऱ्याचा. २० नोव्हेंबर २००८ रोजीं लिऑन यांनीं पांच जणांच्या सुटकेचा हुकूम दिला. सहाव्याची कैद त्यांनीं पुराव्यावरून योग्य ठरविली, जरी वरिष्ठ न्यायालयानें पुढें ती पुनर्विचारासाठीं परत पाठविली. न्यायाधीश म्हणजे सरसकट दारें उघडणारा नव्हे. तो निवड करतो. १५ मे २००९ रोजीं बूमेदियेन फ्रान्समध्यें उतरला. त्याच्या मुलींचें बालपण तोंवर सरून गेलें होतें.

२००८ मध्येंच चीनमधून पळून आलेल्या एका उइघुर बंद्याच्या प्रकरणांत वॉशिंग्टनच्या न्यायालयानें म्हटलें कीं, एकच गोष्ट सरकारनें तीन वेळां सांगितल्यानें ती खरी होत नाहीं. हें सांगतांना त्यांनींहि लुई कॅरोलचाच आधार घेतला. लॉर्ड अ‍ॅटकिन यांच्यानंतर ६७ वर्षांनीं न्यायासनाला पुन्हां मुलांच्या वाङ्मयाकडे वळावें लागलें, याचें आम्हांस हसूं येतें आणि वाईटहि वाटतें.

दुसरी बाजू

कोणी म्हणेल, न्यायाधीशाला युद्धांतलें काय कळतें? सैनिकानें गोळीबारांत साक्षीपुरावे गोळा करावयाचे काय? आक्षेप योग्य आहे, आणि न्यायालयांनीं तो मान्यहि केला आहे. रणांगणावर पकडतांना कोणी पंचनामा मागत नाहीं. प्रश्न आहे तो मनुष्य हजारों मैल दूर सुरक्षित कोठडींत येऊन वर्षें लोटल्यानंतरचा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्वांतानामोंतून सुटलेल्यांपैकीं कांहीं जण पुन्हां लढाईंत उतरले, हें अमेरिकन सरकारच्याच अहवालांत आहे. परंतु २००९ च्या आरंभापर्यंत जे पांचशेंहून अधिक लोक बाहेर पडले, ते जवळजवळ सर्व सरकारनें स्वतःच्या निर्णयानें सोडलेले होते, न्यायालयानें नव्हे. यावरून काय सिद्ध होतें? जी सत्ता कोणाला न विचारतां धरते, तीच कोणाला न विचारतां सोडते, आणि दोन्हीकडे चुकते. निरपराध आंत राहतो व अपराधी बाहेर जातो. चौकशी ही केवळ बंद्याच्या हिताची नसून राष्ट्राच्याहि हिताची आहे, ती अशी.

छळाचेंहि तेंच. ११ सप्टेंबरच्या कटाचा मुख्य आरोपी खालिद शेख महंमद याला गुप्त कैदेंत पाण्यानें गुदमरविण्याचा प्रयोग १८३ वेळां करण्यांत आला, हें सरकारी कागदांत आहे. अशा कैदेनंतर मिळालेल्या जबान्या ग्राह्य धराव्या कीं नाहीं, या वादांत वर्षें गेलीं, आणि दोन तपें लोटत आलीं तरी २०२५ पर्यंत त्याचा खटला साक्षीपुराव्यापर्यंत पोंचला नव्हता. ज्यांचीं माणसें मारलीं गेलीं त्यांनाहि न्याय मिळाला नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत मांडव्याचा दाखला देऊन बजावलें आहे कीं, छळाच्या भयानें चोर नसलेलाहि आपण चोर असल्याचें कबूल करतो. तीन रात्री उलटल्यावर केवळ संशयावरून मनुष्यास धरूं नये, असेंहि त्यानें सांगितलें आहे. आणि कौटिल्य कांहीं भोळा साधु नव्हता.

मिळालेला हक्कहि आपोआप चालत नाहीं. येमेनच्या अदनान लतीफ या बंद्याच्या सुटकेचा हुकूम २०१० मध्यें झाला. वरच्या न्यायालयानें सरकारी कागद खरेच धरावे असें म्हणून तो फिरविला. आणि २०१२ मध्यें तो तेथेंच मरण पावला. २०२५ च्या जानेवारींत ग्वांतानामोंत १५ बंदी उरले होते.

आपल्या अंगणांत

परक्यांच्या उणिवा दाखवून थांबणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर आसाम, बंगाल इत्यादि भागांतील सुमारें तीन हजार चिनी वंशाच्या लोकांस राजस्थानांतील देवळी येथील छावणींत ठेवण्यांत आलें. त्यांत येथेंच जन्मलेलीं मुलें होतीं, वृद्ध होते, आसामी व बंगालीपलीकडे भाषा न येणारे होते. त्यांतल्या एकेकाचा अपराध काय, हें कोणत्याहि न्यायालयानें तपासलें नाहीं. १९७६ मध्यें आणीबाणींतील स्थानबद्धांनीं दाद मागितली, तेव्हां आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांनीं ती नाकारली, आणि न्यायमूर्ति हंसराज खन्ना एकटे विरुद्ध राहिले. लिव्हर्सिज खटल्याच्या बहुमताचा दाखला तेथें घेतला गेला होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणींतहि स्थगित करतां येणार नाहीं असें ठरलें, आणि २०१७ मध्यें तो जुना निकाल रद्द झाला. त्या चारांपैकीं एक न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड, आणि तो रद्द करणाऱ्या मुख्य निकालपत्राचे लेखक त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. पित्याची चूक पुत्रानें सुधारावी, यांत अनादर नाहीं, ऋणमोचनच आहे.

आतां आमच्या तरुण आप्तास उत्तर. बाळ, शत्रूला धरूं नये असें कोणीच म्हणत नाहीं. सुग्रीवाचा संशय हवाच, तो नसेल तर सैन्य बुडेल. परंतु सुग्रीवानें धरावें, सुग्रीवानेंच ठरवावें आणि सुग्रीवानेंच दंड करावा, अशी व्यवस्था झाली तर विभीषण आणि शुक यांतला भेद कळणार कसा? पुढें केव्हां युद्धाच्या दिवसांत कोणास शत्रु ठरविल्याचें वर्तमानपत्रांत वाचशील, तेव्हां दोनच गोष्टी विचार. आधार काय दाखविला? आणि त्याचें म्हणणें कोणीं ऐकलें? या दोहोंचें उत्तर मिळत नसेल, तर तो मनुष्य शत्रु आहे असें तुला ठाऊक नाहीं. तुला तसें वाटतें, इतकेंच.